बंदरावरचं गाऱ्हाणं

डिझेलचा वास आला की मला बंदरावरची ती सकाळ आठवते. वादळात सापडलेली लाँच परतली नव्हती आणि तिच्यावरच्या दोन पोरांचे बाप जेटीवर माझ्या शेजारी बसले होते, एक नौका चालवणारा मुसलमान तांडेल, दुसरा इंजिनं दुरुस्त करणारा ख्रिस्ती. दोघंही माझे जुने दोस्त. ख्रिस्ती म्हणाला, "आमच्या देवानं स्वतःचा पोर क्रुसावर मरताना बघितलान. बापाचं दुखणं त्याला सांगावं लागत नाही." तांडेल पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, "अल्लाला पोर नाही नि बापही नाही. त्याच्यासारखा दुसरा कोण नाही. मला रडणारा नको रे, पोराला ओढून काढणारा हवा." "आणि नाही काढलान तर?" "तर त्याचाच होता, त्यानं नेलान." मी शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलो, पण गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं मीच घालतो, तो मान आमच्या घराण्याचा. मी उठलो, घरून आणलेला नारळ हातात धरला नि समुद्राकडे तोंड करून दोन्ही पोरांसाठी गाऱ्हाणं घातलं. गावात सगळे "व्हय महाराजा" म्हणाले असते. इथं एकानं आमेन म्हटलं, दुसऱ्यानं आमीन. लाँच काही आली नाही. त्यांनी आपापला देव सोडला नाही आणि मीही माझा मान सोडलेला नाही. शिमग्याला गाऱ्हाणं अजून मीच घालतो, पाऊसपाणी मागतो, गुराढोरांची राखण मागतो. फक्त दर्यावर गेलेल्यांना सुखरूप आण, एवढं एक मागणं माझ्या तोंडून येत नाही.