रूपालीची जपानी डबी

साताऱ्यात स्टँडच्या मागे जपानी भाषेचा क्लास आहे. तिथं मी शिपाई. सकाळी कुलूप काढायचं, संध्याकाळी लावायचं, मधे चहा करायचा आणि ऐकत बसायचं. फार न बोलणाऱ्या माणसापाशी लोक आपसूक गोष्टी ठेवून जातात. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हा साठा मोठा झाला आहे. त्यातल्या रूपालीच्या यंत्राच्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

रूपाली माण तालुक्यातली. वडील मुंबईत हमाली करायचे. लकवा मारला, वाचा गेली, ते गावी अंथरुणावर आले. करणारी एकटी आई. रूपालीनं जपानला जायचं, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायची आणि पगार घरी धाडायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी पुण्याला भाषेची परीक्षा पास व्हायला हवी. आठवडाभर ती साताऱ्यात खोली करून राही, शनिवारी गावी जाई. अभ्यासाला हातात मावेल असं एखादं यंत्र हवंच, असं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं.

* * *

पहिला सल्ला गणेशचा. हा क्लासमधलाच. अर्ध्या इंचानं मिलिटरी हुकली म्हणून जपानी शिकायला आलेला. तो म्हणाला, "टॅब घे. मोठा स्क्रीन, सगळं इंटरनेटवर." आणि स्वतःचा टॅब त्यानं दोन दिवसांसाठी दिलाही.

रूपालीच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. ती टॅब घेऊन टाकीवर चढली. खाली मेंढ्या आणि मेंढक्यांची गर्दी. त्यांना वाटलं, पोरगी जीव द्यायला चढली. दोघं वर गेले आणि दंडाला धरून तिला उतरवून आणलं.

सोमवारी मॅडमनी विचारलं, "काय काय वाचलंस?"

"मॅडम, गोल फिरणारं चक्र बघितलं. आन् खाली आल्यावर आईची बोलणी खाल्ली."

* * *

मग फोनवरच अभ्यास सुरू झाला. एका धड्यात आईचे सहा फोन आले. दर दोन तासांनी वडिलांची कूस बदलावी लागे आणि आईला एकटीला ते उचलत नसत. पण रूपाली साताऱ्यातून काय करणार?

सहाव्यांदा ती बाहेर आली, फोन माझ्यासमोरच उचलला. "काय झालं, आये?"

पलीकडून आवाज आला, "काय न्हाई. उचलतीस का बघितलं."

* * *

मॅडम सांगलीच्या. त्यांच्याकडे एक जुनं यंत्र होतं. झाकण उघडायचं, काडीनं अक्षर काढायचं, की ते अर्थ दाखवी आणि शब्द बोलूनही दाखवी. बारीक सेलवर चाले, रेंज लागत नसे. पोरं त्याला डबी म्हणत. खोड एकच, बटणांवर सगळं जपानीतच लिहिलेलं.

गणेश म्हणाला, "म्हंजी पवायला शिकल्यावर हीर दावनार."

रूपालीनं डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मी हीच वापरते."

"का गं?" मॅडमनी विचारलं.

"ह्याच्यावर फोन येत न्हाई."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

* * *

सेवेचा सराव माझ्यावर चाले. मी बाकावर निजायचं, पोरींनी मला कुशीवर वळवायचं आणि जपानीत विचारायचं, दुखतंय का? मी म्हणायचो, "न्हाई गं पोरी." मॅडम रागवायच्या. "तात्या, पेशंट जपानी आहे." म्हणून मीही एक शब्द पाठ केला. इताई. म्हणजे दुखतंय.

एका शनिवारी रूपालीनं डबी घरी नेली. वडिलांची कूस बदलताना हाच शब्द वाजवला. डबी म्हणाली, इताई. आणि दोन वर्षं मुका असलेला माणूस म्हणाला, "इताई."

पुढं आई क्लासला आली होती, तेव्हा हे तिनंच मला सांगितलं. म्हणाली, "माझं नाव दोन वरसांत घेतलं न्हाई, तात्या. त्या डबीला मातुर उत्तर दिलं."

चहा घेतला, कप विसळून ठेवला, मग म्हणाली, "पर एक बरं झालं. कवा दुखतं ते कळाय लागलं."

* * *

परीक्षेला सगळे जीपनं पुण्याला गेलो. आत यंत्र चालत नाही, फोन चालत नाही. सगळ्यांची पिशवी घेऊन मी फाटकाबाहेर बसायचं असं ठरलं. पोरांनी फोन बंद करून दिले. रूपालीनं डबी दिली, पण फोन चालूच ठेवला. "वाजला तर उचला, तात्या," म्हणाली आणि आत गेली.

दहाच्या सुमाराला वाजला. तिची आई होती.

"तात्या, तिचं वडील गेलं. पहाटं. तिला सांगू नका. पेपर हू द्या. भायेर आल्यावर बी लगीच नगं. आदी कायतरी खायला घाला. आमी थांबतो तवर."

मी दोन केळी आणून ठेवली.

रूपाली बाहेर आली. पेपर बरा गेला म्हणाली. मी केळी पुढं केली. तिनं एक खाल्लं, दुसरंही खाल्लं, सालं नीट कागदात गुंडाळली. मी म्हणालो, "पोरी, घरला जायला लागंल."

"ठाव हाय," ती म्हणाली. "सकाळी जीपमधीच बघितलं. चुलतभावानं स्टेटस ठेवलाय. फोटू, हार, समदं."

मी तिच्या हातातला सालांचा कागद घेतला.

"आयेनं सांगू नका म्हणलं आसंल," ती म्हणाली.

"व्हय."

तिनं पिशवीतून आपला फोन काढला, आईचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"आयेला म्हणा, खायला घातलं, मग सांगितलं. लय रडली म्हणा."