पंखा खाली दाबून

मी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा कॉलेजचं मॉडेल विमान मी बांधलं. बाल्साच्या पट्ट्या कापणं, पंखांवर कागद चिकटवणं, सगळं माझ्या हातचं. पुढचा पंखा फिरवणारं बोटाएवढं इंजिन सरांनी मुंबईहून मागवलं होतं. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेलावर ते चालायचं, आणि चालायचं म्हणजे नुसतं थरथरायचं. त्या थरथरीने टाकीतल्या तेलाला फेस यायचा आणि इंजिन मध्येच बंद पडायचं.

शेवटी एका रविवारी मी ते घरी आणलं. माझे वडील, आमचे नाना, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांनी इंजिन पाटावर स्क्रूने बसवलं, चालू केलं, पाटावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "बठ्ठा दोष पंखाना शे."

सगळा दोष पंख्याचा. त्याचं भोक इंजिनच्या दांड्यापेक्षा केसभर मोठं होतं. नट आवळताना पंखा कुठेही सरकून बसायचा. नानांनी दांडा फिरवून आतला दट्ट्या अगदी वर आणला. मग पंखा अंगठ्याने खाली दाबून धरला आणि तसाच नट आवळला. "दट्ट्या वर जाताना हादरा देतो. पंख्याचं वजन तेव्हा खाली पाहिजे," ते म्हणाले. "आता लाव."

इंजिन एका सुरात वाजायला लागलं. टाकीत एकही बुडबुडा नव्हता. मी पंखा दहा वेळा काढला आणि दहा वेळा बसवला, तेव्हा कुठे नाना उठले.

स्पर्धा धुळ्याला होती. विमानाला दोन बारीक तारा असतात. उडवणारा मधे उभा राहून त्या तारांची मूठ धरतो आणि विमानाबरोबर गोल फिरतो. सर म्हणाले, "साडी नेसून गोल कशी फिरणार? तारा पायात आल्या तर?" उडवायला आमच्याच वर्गातला एक मुलगा निवडला. पंखा कसा बसवायचा ते मी त्याला दोनदा करून दाखवलं. तो म्हणाला, "हो, लक्षात आलं."

पहिल्या फेरीला पंखा मी बसवला होता. विमान छान उडालं, पण उतरताना खडीवर आपटून पंखा तुटला. दुसऱ्या फेरीला थोडाच वेळ होता आणि मैदानात फक्त उडवणारे आणि सर यांनाच सोडत होते. मी मैदानाभोवतीच्या दोरीच्या बाहेरून बघत होते. त्या मुलाने नवा पंखा घातला, पाना घेतला आणि नट फिरवायला लागला. दांडा फिरवून पाहिलाच नाही.

"अरे, खाली दाबून," मी ओरडले. शेजारी दुसरं इंजिन सुरू होतं. मी दोरीखालून वाकले, तर एक कार्यकर्ता आडवा आला. "ताई, दोरीच्या मागे राहा."

"एकच गोष्ट सांगायची आहे त्याला."

"फेरी झाल्यावर सांगा."

इंजिन लागलं आणि त्या आवाजावरूनच मला कळलं. विमान उचललं गेलं. एक फेरा, दोन फेरे. तिसऱ्याला आवाज अडखळला. त्याने नेमकं तेव्हाच विमान डोक्यावर चढवलं, आणि वर गेल्यावर इंजिन थांबलं. तारा सैल पडल्या. तो मूठ ओढत मागे धावला, पण ओढायला काही उरलंच नव्हतं. विमान नाकावर पडलं.

तो तुकडे घेऊन आला. "इंजिनच खराब होतं," सरांना म्हणाला. सरांनी मान डोलावली.

मी इंजिन हातात घेतलं. पंखा मोडला होता, नट घट्ट होता. पण पडताना पंखा सरकलाही असेल. दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही शंभर टक्के खात्री नव्हती. मी इंजिन पिशवीत ठेवलं.

घरी नानांनी विचारलं, "पंखा कोणी बसवला?"

"त्याने."

नाना आईला म्हणाले, "पोरीला जेवायला वाढ."

पुढच्या वर्षी सरांनी पुन्हा विमान बांधायला सांगितलं. मी बांधून दिलं. धुळ्याला मात्र गेले नाही.