गिरजाबाईंचं अडाणीपण

जुलैचा पहिला शनिवार, सकाळची शाळा. हजर: मी (मुख्याध्यापिका), दोन शिक्षक, पटावरच्या एकतीसपैकी अठ्ठावीस मुलं. पैकी वर्गात नसलेली एक, तिसरीतली दिव्या. ती सापडली खिचडीच्या खोलीत, स्वयंपाकीण गिरजाबाईंसमोर.

मला आधी शंका आली ती लसणाची. पोरींना सोलायला बसवतात, हे मी आधीच्या शाळेत पाहिलं होतं. पण दिव्याच्या मांडीवर पुस्तक होतं.

"हिला इथं कशाला बसवलं?"

"मले वाचता येत नाही ना मॅडम. ते गोष्ट वाचून दाखवून राह्यली."

वर्गात दिव्या तोंड उघडत नसे. एकदा अडखळली, मुलं हसली. तेव्हापासून पुस्तक हाती दिलं की रडायची. इथं मात्र अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. रोज मधल्या सुट्टीत तिला तिथं बसायची परवानगी दिली आणि मी दाराआड उभी राहू लागले. गिरजाबाई 'चुकलं' म्हणतच नसत. "काय म्हणते व माय? मले नाही समजलं, फिरून सांग," एवढंच. आणि तेही नेमकं चुकलेल्या शब्दापाशी. अडाणी बाईला हे कळतं कसं? अर्थावरून कळत असेल, असं धरून मी खात्री करायची ठरवली.

चौथीची मुलं स्पर्धेला जाणार होती. एरवी असा निरोप मी तोंडी देते. त्या दिवशी कोठीच्या दाराला चिठ्ठी लावली: 'चौथी बाहेर. आठ मुलांचा तांदूळ कमी.' गिरजाबाईंनी बरोबर तेवढा कमी टाकला.

"चिठ्ठी कोणी वाचून दाखवली?"

त्यांनी आधी दिव्या कुठं आहे ते पाहिलं. "सातवी शिकली मी. पण पोरीले सांगू नका जी. मले येते म्हणून समजलं, तं ते पुन्हा चूप होऊन जाईन." मग हळूच, "तुम्ही दाराआडून पाह्यता, हे मी तरी कोणाले सांगतलं?"

दिवाळीनंतर दिव्याने वर्गात अख्खं पान वाचलं. दोनदा अडखळली, थांबली नाही. उन्हाळ्यात गिरजाबाई लेकाकडे पांढरकवड्याला कायमच्या गेल्या.

परवा दिव्याने माझ्या टेबलावर गिरजाबाईंसाठी पत्र ठेवलं. स्वतःच्या मनाने लिहिलेलं, पाठपोट, खाडाखोडीसकट. "मावशीले वाचता येत नाही मॅडम. तुम्ही फोन करून वाचून दाखवा."

हे पत्र बाईंनी स्वतः वाचावं, असं मला वाटतं. पाकिटावर पत्ताही घातला आहे. पण उत्तर आलं, तर ते कोणी लिहिलं म्हणून सांगू? आजची बाकी सगळी कामं झाली. पत्र अजून टाकलेलं नाही, फोनही केलेला नाही.