कोयत्याशेजारची जागा

कॅरिबियनमधल्या त्या छोट्या बेटावर मी एकटीच फिरायला गेले होते. दुपारच्या मिनीबसमध्ये चढले आणि आतली बडबड एकदम थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली, पिशवी पोटाशी धरली आणि रिकाम्या जागेवर जाऊन बसले. शेजारच्या माणसाच्या मांडीवर नारळ सोलायचा लांबलचक कोयता होता.

बस डोंगर चढत होती, पण कुणी चकार शब्द बोलेना. वाटलं, इथेच उतरावं.

एकटी असलीस की कुणाकडे बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, हे मला कळायला लागल्यापासून शिकवलेलं. आईनं शिकवलं, मी लेकीला शिकवलं. आमच्याकडे बाईचा शहाणपणा म्हणजे हाच. किती गावं मी अशी फक्त स्वतःच्या चपला बघत ओलांडली असतील!

पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळली. "पोरी, आत आलीस आणि आम्हाला साधं गुड आफ्टरनूनसुद्धा म्हणाली नाहीस. आमचं काही चुकलं का?"

"गुड आफ्टरनून," मी कसंबसं म्हटलं.

अख्ख्या बसनं एका सुरात उत्तर दिलं. शेजारचाही बोलला, अगदी हळू. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. मी बसल्यापासून तो अंग चोरून, कोयत्याची धार स्वतःकडे वळवून बसला होता.