हिराची कोळशाची भिंत

हिराला कुणी बाई म्हणून नेमलं नव्हतं. ती दुसरीपर्यंत शिकलेली, विधवा आणि तोंडाने फटकळ. पण त्रेसष्ट साली सातपाटीच्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन पालघरच्या बाजाराला निघाल्या, की त्यांची दोन ते पाच वर्षांची वीसेक पोरं मच्छीमार सोसायटीच्या जाळी ठेवायच्या शेडमध्ये हिराकडे असत. पाट्या नव्हत्याच. चुलीतला कोळसा, विटेचे तुकडे, खाडीचा चिखल, शिंपल्या, बस्स. हात पोचेल तिथवर भिंतीवर होड्या आणि मासे. मी त्याच पोरांतला. तेवढी हौस पुढे कुठल्याच शाळेने भागवली नाही, हे स्पष्टच सांगतो.

सोसायटीचे चेअरमन कमलाकांत नाखवा यांना ती भिंत खुपायची. त्यात मुंबईहून कुणी साहेब सोसायटी बघायला येणार होते. पोरांना पाट्या घेऊन अ-आ-इ-ई गिरवायला बसव, नाहीतर शेडला कुलूप घालीन, असं त्यांनी हिराला बजावलं. अक्षरं शाळेत आहेतच, ती काही पळून जात नाहीत, असं ती म्हणाली. त्याच दुपारी नाखवांनी भिंतीला चुना मारून घेतला.

सकाळी आम्ही आलो तर भिंत कोरी. तीन वर्षांची वत्सला रडायलाच लागली. "माजी होडी कुटं गेली?"

"दर्यात गेली. तू दुसरी काड." हिराने तिच्या हातात कोळसा दिला. आवाज शांत होता, पण ती भयंकर संतापली होती, हे आम्हा पोरांनाही कळत होतं.

तासाभरात भिंत पुन्हा भरली. साहेब यायच्या आत शेड बंद करायला नाखवा कुलूप घेऊन आले. हिरा उंबरठ्यावर बसली, ती हललीच नाही.

"घाला कुलूप. उद्यापासून बाया पोरं तुमच्या ओट्यावर ठेवतील. वीस हायत. कोळसा मी देते."

नाखवांचं घर नुकतंच रंगवून झालं होतं. ते कुलूप खिशात घालून परत गेले. साहेब आले ते चहा पिऊन गेले, शेडकडे फिरकलेही नाहीत.

तरी नाखवांनी हट्ट सोडला नाही. पुढच्या वर्षी चुना, त्याच्या पुढच्या वर्षीही चुना. हिरा फक्त तो वाळला का ते बोटाने बघायची. चौथ्या वर्षी चुना मारायला कुणी आलंच नाही. तेव्हा तिने स्वतःच नाखवांना निरोप धाडला, "भिंत भरली. पोरांना जागा नाय. चुना कदी मारता?"