बासष्ट किलोंची हवा

पडदा वर जातो. बदलापूर पश्चिम, बेलवली. दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, सकाळचं तिरकं ऊन. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यांवर पुढचं चाक काढलेली डोंगरात चालवायची सायकल. तिच्यापुढे पाटावर श्यामकांत, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, हातात रबरी हातोडी. शेजारच्या गॅलरीत मी, कपभर चहा घेऊन. तीस वर्षं नाटकांत उभी राहिले, आता बसून बघते.

सायकल त्यांच्या लेकीची, तेजलची. कोंडेश्वरच्या दगडधोंड्यांवरून ती सुसाट उतरायची. चाक धरणारा पुढचा चिमटा दणक्यासरशी दबायचा आणि परत वर यायचा. त्यात स्प्रिंग नाही, हवा.

"बसणाऱ्याच्या वजनाइतकीच भरायची, माई," श्यामकांत मला समजावत. "कमी भरली तर चिमटा तळाला आपटतो. जास्त झाली तर सगळे दणके हाताला."

दर तीन महिन्यांनी ते चिमटा खोलत. आधी हवा सोडायची. मग खालचे बोल्ट सैल करून हातोडीने हलकेच ठोकायचं, काळं पडलेलं तेल वाटीत काढायचं. उल्हासनगरहून आणलेले नवे सील बोटाने ग्रीस लावून बसवायचे, औषधाच्या सिरिंजने मोजून तेल घालायचं. शेवटी तेजलला वजनकाट्यावर उभं करायचं, तेही हेल्मेट घालून.

"बासष्ट!" ते ओरडत.

"सांगा अख्ख्या बिल्डिंगला! माई, ऐकलंत ना?"

"शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं गं."

पंपाच्या तबकडीवर, बासष्ट किलोंना लागणाऱ्या हवेच्या आकड्यापाशी, तेजलने आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता.

मग तिला रक्ताचा कॅन्सर झाला. सिरिंज घरात दुसऱ्याच कामासाठी येऊ लागल्या आणि वजनकाटा पलंगाखाली गेला.

जानेवारीत तिला जरा बरं वाटलं. "बाबा, एकदाच चालवायचीय. मागच्या खडीच्या रस्त्यावर, बस्स."

श्यामकांतांनी दोन दिवस खपून चिमटा नव्यासारखा केला. हवा भरायची तेवढी राहिली.

"काटा काढा ना, बाबा."

"कशाला? पस्तीस वर्षं फिटर होतो. मला बघून कळतं."

त्यांनी पंप लावला आणि सुई थेट लाल ठिपक्यावर नेऊन थांबवली. तेजल तेव्हा एकेचाळीस किलोंची होती. त्यांना ठाऊक होतं, हॉस्पिटलची फाइल तेच सांभाळायचे. मी गॅलरीतून सगळं बघत होते. बोलायला हवं होतं. नाही बोलले.

मीही त्यांच्याबरोबर खाली गेले. खडीवर चिमटा जेमतेमच दबला. प्रत्येक दगड तिच्या मनगटांत गेला, सुयांनी आधीच काळ्यानिळ्या झालेल्या मनगटांत. चाळीस-पन्नास पावलांवर ती उतरली. वडिलांनी सायकल धरली, मी तेजलला धरलं. ती हसत होती.

"माई, बाबांच्या हिशेबी मी अजून बासष्टचीच."

श्यामकांत चाकाकडे बघत राहिले. "उद्या कमी करतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला ॲडमिट केलं. ती परत आली नाही.

आठ महिने त्या सायकलला कुणाचा हात लागला नाही. मग चिखलोलीहून त्यांची कॉलेजात शिकणारी भाची आली, ओवी. चाचरतच म्हणाली, "मामा, तेजलताईने सांगितलं होतं, सायकल मी चालवायची म्हणून. पण आधी चिमटा तुझ्याकडून खोलून घ्यायचा म्हणाली."

श्यामकांतांनी वर्तमानपत्रं अंथरली. खोलायचं तर आधी हवा सोडायला हवी, आणि आत अजून तीच होती, तेजलसाठी भरलेली. बराच वेळ अंगठा झडपेवर नुसताच राहिला. मग त्यांनी दाबला. मी रंगमंचावर मरणाचे कितीतरी प्रवेश केलेत. एवढा लांब निघालेला श्वास कधी ऐकला नव्हता.

दुपारपर्यंत सील बसले, तेल भरून झालं. श्यामकांतांनी पंप हातात घेतला, लाल ठिपक्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. आत जाऊन पलंगाखालचा वजनकाटा ओढून काढला, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि तो ओवीच्या पायांशी ठेवला.

ती लाजली. "असू दे रे मामा, अंदाजे पन्नास धर."

"अंदाज नको, बाळा. काट्यावर उभी राहा."