पोतं कसं धरायचं

आगीच्या बंबावर नोकरी करतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस रोज आगीत उडी घेतो. कसलं काय. नगरपालिकेच्या आमच्या केंद्रात दिवसचे दिवस नळ्या धुण्यात, वाळवण्यात आणि टाकी भरण्यात जातात. पाडवा जवळ आला की मात्र आमची झोप उडते. परभणीच्या उन्हाळ्याचं काही वेगळं सांगायला नको. कडब्याच्या गंजी पेटतात, शेताचे धुरे, म्हणजे बांध, जाळता जाळता शेजाऱ्याचा ऊस जातो, आणि भाव वाढेल म्हणून घराघरांत कापूस भरून ठेवलेला असतो. म्हणून पाऊस पडेपर्यंत आम्ही गावोगाव फिरून लोकांना आग विझवायला शिकवतो. तोंड चालतं म्हणून साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

देवळासमोर मोकळ्या जागेत गॅसची टाकी ठेवायची आणि पेटवायची. भडका उठला की बाया किंचाळत मागं सरकतात, म्हातारे आम्हालाच शिव्या घालतात. मग मी गोणपाटाचं पोतं बादलीत बुडवायचो. पोत्याची वरची दोन टोकं हातांवर दुमडून घ्यायची, म्हणजे बोटं आत झाकली जातात. पोतं छातीसमोर आडवं धरून वाऱ्याच्या बाजूनं जायचं आणि टाकीवर अलगद पांघरायचं, की आग गप. "भ्यायचं नाही," मी ओरडून सांगायचो, "आपण भ्यालो की आग शेर होते." यावर हमखास टाळ्या पडायच्या.

काय काय शिकवायचं ते लिहिलेल्या आमच्या कागदावर शेवटी आणखी एक ओळ होती. बंद घरात आग लागली तर काहीही विझवत बसू नका, माणसं बाहेर काढा आणि स्वतः बाहेर थांबा. ती ओळ यायची तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असायचं, फोटो काढून झालेले असायचे, सरपंचाकडं चहा उकळत असायचा. ती ओळ मी बहुतेक वेळा गाळायचो. पळून जा, हे सांगण्यात काय मजा.

ज्या गावाचं सांगतोय, त्याचं नाव लिहीत नाही. तिथं त्या उन्हाळ्यात "कोण पुढं येतंय" असं मी चारदा विचारलं, तरी एकही बाई हलेना. शेवटी गर्दीतून एका सासूनं आपल्या सुनेला ढकललं. "जा की. घरात तर लय तोंड चालतंय तुझं." सगळे हसले. सून पंचविशीची असेल. तिनं पदर खोचला, पोतं उचललं आणि टोकं उलटी धरली.

"ताई, बोटं भाजून घ्यायची आहेत का?" मी खेकसलो.

"तुमीच नीट दावलं न्हाई," ती म्हणाली.

मी परत दाखवलं. दुसऱ्या वेळी तिनं असं काही पोतं टाकलं की माझा बंबावरचा जोडीदारसुद्धा वा म्हणाला. "आनखी एकदा करू का?" म्हणत तिनं तिसऱ्यांदा केलं. मला तिचं लय कौतुक वाटलं. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, गावात आग लागली तर हिला हाक मारा. तिची सासू तोंडाला पदर लावून हसत होती.

पाच-सहा आठवड्यांनी त्याच गावातून फोन आला. दुपारचे दोन वाजले असतील. आम्ही बंब जेवढा दामटता येईल तेवढा दामटला, पण रस्ता तो रस्ताच. पोचलो तेव्हा लोक कळशांनी, घागरींनी दारातून पाणी फेकत होते. घर तिचंच होतं. मीटरच्या वायरीतून ठिणगी उडून बैठकीतल्या कापसावर पडली होती, आणि कापूस आढ्याला टेकला होता. सासू तापानं निजलेली होती. सुनेनं तिला उचलून शेजारच्या ओट्यावर आणून बसवलं आणि ती परत आत गेली. तिचं लेकरू शेजारणीकडं होतं, नवरा शेतातून पळत येत होता.

कापूस भडकतो कमी, धुमसतो जास्त. त्या धुरात माणसाला दोन श्वाससुद्धा पुरे होतात. आम्ही तोंडाला मास्क लावून आत शिरलो. ती कापसाच्या ढिगाजवळ पालथी पडली होती. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. हातात ओलं पोतं होतं, आणि पोत्याची टोकं हातांवर दुमडलेली होती. बोटं आत, बरोब्बर झाकलेली.

मी ती टोकं तिच्या हातांतून सोडवली आणि पोतं बाजूला फेकलं. तिला उचलायला सोपं जावं म्हणून सोडवली, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. कुणी बघू नये म्हणून सोडवली.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं. इकडं गावात संध्याकाळच्या आत ठरून गेलं की ती कापसापायी गेली. सासूला बाहेर काढलं, स्वतः बाहेर आली होती, मग आत परत कशाला गेली? कापूस वाचवायला. पंचनाम्यातही तेच आलं. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. ती लोभी ठरली, आणि मी सुटलो.

घरी बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या लोकांना जाऊन सांगा." मी म्हटलं, सांगून ती परत येणार आहे का? बायकोनं तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र कागदावरची शेवटची ओळ पहिली केली. आता गावात उभं राहिलो की आधी पळायला सांगतो. बाया हसतात, बंबवालाच पळा म्हणतोय म्हणतात. हसू देत.

पुढच्या उन्हाळ्यात यादीत ते गाव परत आलं. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून मी साहेबांकडं टाळाटाळ केली, पण त्यांनी ऐकलं नाही. देवळासमोर टाकी मांडली. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तिची सासू काठी टेकत पुढं आली आणि बायांकडं वळून म्हणाली, "सायब काय सांगत्यात ते ऐका गं. न्हाईतर माझ्या सुनेवानी कराल. कापसाच्या हावरटपणानं मेली, लेकरू उघडं पाडलं."

कुणी तिला गप्प केलं नाही. तिथं सगळ्यांना तसंच वाटत होतं. माझ्या हातात ओलं पोतं होतं, त्याचं पाणी पायावर गळत होतं. मला ते ऐकवेना.

"मावशी, ती कापसासाठी नव्हती गेली," मी म्हणालो. "आग विझवायला गेली होती. मी शिकवलं तसं पोतं धरलं होतं तिनं. मी बघितलंय. घरात आग लागली तर विझवू नका, बाहेर थांबा, हे मी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. गलती माझी हाय."

म्हातारी शिव्या देईल, काठी उगारेल, असं मला वाटलं. तिनं तसं काही केलं नाही.

"वरीसभर मी तिला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "तिचा बाप आला व्हता लेकराला भेटायला. हावरट पोरगी गळ्यात मारली म्हनून त्याला मी दारातून परत लावलं. हे तुमी तवाच का न्हाई सांगितलं?"

तिनं तिच्या मुलाला हाक मारली, सुनेच्या बापाला फोन लावायला सांगितला आणि तो माझ्या हातात दिला. "आता त्यायला सांगा. माझ्या तोंडानं न्हाई, तुमच्या तोंडानं."

सगळ्या गावासमोर उभं राहून मी एका बापाला ते सगळं पहिल्यापासून सांगितलं. पोत्याचं सांगितलं, टोकं मी सोडवली तेही सांगितलं. फोन कटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"ऐकायलोय मी," तो म्हणाला. "आमाला ठावंच व्हतं सायब. आमची पोर तशी नव्हती. नुसतं कुनीतरी म्हनायला पायजे व्हतं."

मग त्यानं विहीणबाईंकडं फोन द्यायला सांगितलं. मी दिला.